पुनर्निर्मितीसाठी आरेखन : मीरा-भाईंदरमधील लघुउद्योगांकरिता

वापरून झिजलेली वस्तू पूर्णपणे सुटी करायची, तिचा प्रत्येक भाग स्वच्छ करून तपासायचा, झिजलेले भाग बदलायचे किंवा मूळ मापाला आणायचे, वस्तू पुन्हा जुळवून तिची नव्या वस्तूइतकीच कसून चाचणी घ्यायची आणि नव्या वस्तूइतक्याच हमीसह ती बाजारात आणायची, या संपूर्ण प्रक्रियेला पुनर्निर्मिती म्हणतात. दुरुस्तीत बिघडलेला तेवढा भाग बदलला जातो आणि उरलेल्या भागांच्या झिजेकडे कोणी पाहत नाही. नूतनीकरणात वस्तू चालती आणि नीटनेटकी केली जाते, पण नव्याइतक्या कामगिरीची हमी सहसा मिळत नाही. पुनर्चक्रणात वस्तूचा आकार मोडून फक्त तिचे द्रव्य परत मिळवले जाते. बीएस ८८८७ या ब्रिटिश मानकमालिकेच्या २००९ मधील दुसऱ्या भागाने या संज्ञांच्या सीमा आखून दिल्या आणि पुनर्निर्मितीसाठी मूळ वस्तूइतकी तरी कामगिरी आणि नव्या वस्तूइतकी किंवा तिच्याहून चांगली हमी या दोन अटी घातल्या. हमीची ही अट कारखानदाराने कधीही नजरेआड होऊ देऊ नये, कारण तिच्यामुळेच हे काम डागडुजीपासून वेगळे ठरते आणि उत्पादनाच्या पंक्तीला बसते.

पुनर्चक्रण चांगलेच आहे, पण त्यात बरेच काही हरवते. भंगार ॲल्युमिनियम वितळवण्यासाठी लागणारी ऊर्जा बॉक्साइटपासून नवे ॲल्युमिनियम काढण्याच्या ऊर्जेच्या सुमारे ५ टक्केच असते, हे खरे आहे. मात्र पंपाचे आवरण भट्टीत गेले की ते ओतण्याचे, टर्निंगचे, भोके पाडण्याचे, मापात आणण्याचे आणि जुळवणीचे सगळे कष्ट त्याच्याबरोबर वितळतात. पुनर्निर्मितीत हे कष्ट वाचतात. ते वाचतील की नाही याचा निर्णय बहुतेक वेळा वस्तू जुनी झाल्यावर होत नाही. आरेखकाने दोन भाग चिकटवायचे की बोल्टने बांधायचे हे ठरवले, दंडगोलावर झिजेसाठी किती जाडी ठेवायची हे ठरवले, त्याच दिवशी तो निर्णय झालेला असतो. म्हणून पुढील मार्गदर्शन कार्यशाळेतल्या दुरुस्तीविषयी थोडे आणि ड्रॉइंगविषयी जास्त आहे.

मीरा रोड आणि भाईंदर या भागाची औद्योगिक ओळख स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांशी जोडलेली आहे. २००२ साली महानगरपालिका झालेल्या आणि २०११ च्या जनगणनेत ८ लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदवलेल्या या शहरात भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींपासून मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या काशीमीऱ्यापर्यंत भांडी, प्लास्टिकचे साचेकाम, सुटे यांत्रिक भाग आणि विद्युत उपकरणे बनवणारे असंख्य छोटे गाळे आहेत. येथे प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. या शहराची प्रसिद्ध वस्तू असलेले स्टीलचे भांडे पुनर्निर्मितीसाठी योग्य नाही आणि त्या दिशेने खर्च करणे व्यर्थ आहे. एकाच मिश्रधातूचे, कोणताही फिरता भाग नसलेले भांडे पिढ्यान्‌पिढ्या वापरावे आणि शेवटी वितळवावे, हेच योग्य. भांडे बनवणाऱ्याने करायचे ते एवढेच की तळाशी धातूचा दर्जा ठशाने उमटवावा, कारण ३०४ या दर्जात सुमारे ८ टक्के निकेल असते, २०० मालिकेतील पोलादात ते बरेच कमी असून त्याची उणीव मँगनीजने भरून काढलेली असते, आणि हे दोन्ही दर्जे लोहचुंबकाला सारखाच प्रतिसाद देत असल्यामुळे भंगाराच्या दुकानात ते वेगळे ओळखता येत नाहीत. ठसा असेल तर निकेल योग्य भट्टीत जाते.

पुनर्निर्मितीला खरी जागा आहे ती भांडे घडवणाऱ्या प्रेसमध्ये, त्या प्रेसवर बसणाऱ्या डायमध्ये, पॉलिशच्या मोटारीत, प्लास्टिक मोल्डिंगच्या यंत्रातील स्क्रू आणि बॅरलमध्ये, गिअरबॉक्समध्ये, व्हॉल्व्हमध्ये, आणि या शहरातील हजारो गृहनिर्माण संस्थांच्या तळघरात रात्रंदिवस पाणी चढवणाऱ्या पंपांमध्ये. वस्तू या कामासाठी योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत : तिचा किमती भाग झिजणाऱ्या भागापेक्षा बराच अधिक टिकतो का, तिच्यामागचे तंत्र पुढील दहा-बारा वर्षांत फारसे बदलणार नाही ना, आणि वापरलेला नग परत हाती येण्याचा मार्ग आहे का. तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तरच पुढे जावे.

या विद्येचे धडे घेण्यासाठी परदेशात पाहण्याची गरज नाही, कारण मीरा रोडच्या फलाटावर थांबणारी लोकल हीच पुनर्निर्मितीच्या विचाराने रचलेली वस्तू आहे. पश्चिम रेल्वेच्या महालक्ष्मी येथील कारखान्यात या गाड्यांचे नियतकालिक ओव्हरहॉल होते, म्हणजे ठरावीक कालावधीनंतर डब्याखालची बोगी काढली जाते, मोटारी, ब्रेक आणि चाके आपापल्या विभागात पाठवली जातात, आणि तपासून मापात आणलेले भाग पुन्हा डब्याखाली जोडले जातात. हे शक्य होते कारण डबा आणि बोगी मुळातच वेगळे होतील अशा रीतीने रचलेले असतात. याच मार्गावरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचे चाक तर आरेखकांनी विशेष लक्षपूर्वक पाहावे. एलएचबी प्रकारच्या डब्याचे चाक नवे असताना ९१५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि ८४५ मिलिमीटरपर्यंत ते वापरता येते. मधल्या ७० मिलिमीटरमध्ये चाकाचा बिघडलेला आकार लेथवर पुन्हा पुन्हा कापून दुरुस्त केला जातो. ही ७० मिलिमीटरची तरतूद चाक बनवण्यापूर्वीच ड्रॉइंगमध्ये केलेली आहे. तिला झीज-राखीव म्हणता येईल. भार सहन करण्यासाठी जेवढे द्रव्य लागते त्याहून अधिक द्रव्य कोठे ठेवायचे आणि ते किती वेळा कापले जाईल हे आधीच ठरवणे, हा पुनर्निर्मितीच्या आरेखनाचा पहिला गुण होय.

राज्य परिवहन महामंडळाने अलीकडच्या वर्षांत दुसरा धडा घालून दिला आहे. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत जुन्या गाड्यांचे ॲल्युमिनियमचे सांगाडे उतरवून त्याच चासीवर पोलादी सांगाडे चढवण्यात आले. चासी अधिक टिकणारी, सांगाडा आधी थकणारा, आणि दोहोंमधील जोड सुटू शकणारा, अशी रचना असल्यामुळे गाडीला नुसती डागडुजी न करता अधिक मजबूत रूप देता आले. दीर्घायुषी भाग अल्पायुषी भागापासून वेगळा ठेवावा, हा त्यातील बोध आहे.

तिसरे उदाहरण शहराच्या पश्चिम टोकाला, उत्तन, पाली आणि चौकच्या किनाऱ्यावर पाहायला मिळते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नावा किनाऱ्याला असतात आणि त्यांची डिझेल इंजिने उघडण्यासाठी हाच काळ सोयीचा असतो. ज्या इंजिनात सिलिंडरची भिंत म्हणजे काढता येणारे लायनर असते, तेथे झिजलेले लायनर ओढून काढून नवे बसवले की ब्लॉक पुन्हा नव्यासारखा होतो. जेथे भिंत ब्लॉकमध्येच कोरलेली असते, तेथे रीबोअर करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो, आणि असे किती वेळा करता येईल याला मर्यादा असते. क्रँकशाफ्टचेही तसेच. तो ग्राइंड करून कमी मापाच्या बेअरिंग बसवण्याची सोय उत्पादकाने मापांची मालिका जाहीर करून ठेवली असेल तरच खुली राहते. पिस्टनची वाढीव आणि बेअरिंगची घटलेली मापे आधीच छापून ठेवणारा उत्पादक आपल्या वस्तूला पुढील वीस वर्षांचा रस्ता आखून देतो.

हे तिन्ही धडे गाठीशी ठेवून नव्या आरेखनाला बसण्यापूर्वी कारखानदाराने एक काम अवश्य करावे. आपल्याच कारखान्याची, चांगली वापरून परत आलेली किंवा भंगारातून विकत घेतलेली काही यंत्रे टेबलावर घ्यावीत आणि ती उघडण्यासाठी परिसरातील अनुभवी मिस्त्रीला बोलवावे. आरेखकाने शेजारी बसून फक्त नोंदी ठेवाव्यात : कोणता बोल्ट पाना लावताच सुटला, कोणता छिन्नीने तोडावा लागला, कोणत्या जागी हातोडा मारावा लागला आणि तो मारताना कोणता चांगला भाग फुटला, घाण कोठे साठली होती, कोणत्या भागावर झिजेची मापण्याजोगी खूण होती आणि कोणता भाग हाताला नव्यासारखा लागला. या नोंदींमधून जी माहिती मिळते ती कोणत्याही पुस्तकात नाही. मीरा-भाईंदरच्या गल्ल्यांतून मोटार बांधणाऱ्या, पंप उघडणाऱ्या, प्रेसचे बुश बदलणाऱ्या कारागिरांकडे पुनर्निर्मितीचे निम्मे शास्त्र आधीच आहे, आणि ते ड्रॉइंगच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही ही येथील उद्योगाची मोठी हानी आहे. मिस्त्रीला या कामाचा योग्य मेहनताना द्यावा आणि त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

नोंदी पाहिल्या की बहुतेक त्रास जोडांत असल्याचे दिसून येईल, म्हणून जोडांविषयी विस्ताराने सांगणे भाग आहे. वेल्ड, रिव्हेट आणि चिकटद्रव्य हे जोड स्वस्त आणि झटपट असतात, पण उघडताना ते एक तरी भाग नष्ट करतात. ज्या जोडाच्या आत झिजणारा भाग आहे तेथे ते कधीही वापरू नयेत. ज्याच्या आत काहीच झिजत नाही, उदाहरणार्थ वेल्ड केलेला पाया, तेथे त्यांना हरकत नाही. प्लास्टिकच्या आवरणातील खटके, म्हणजे दाबून अडकणाऱ्या जिभा, बहुधा एकदा उघडण्यापुरत्याच रचलेल्या असतात. आवरण तीन-चार वेळा उघडले जाणार असेल तर जिभांऐवजी स्क्रू द्यावेत, आणि प्लास्टिकमध्ये थेट आटे पाडण्याऐवजी पितळेचे आटेदार बुश बसवावेत, म्हणजे आटे गेल्याने आवरण फेकावे लागणार नाही. ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमध्येही हाच नियम पाळावा : ज्या भोकात बोल्ट वारंवार घालावा-काढावा लागणार आहे त्यात पोलादी तारेची आटेदार गुंडाळी आधीच बसवलेली बरी.

बोल्टच्या निवडीत या परिसराची हवा विसरून चालणार नाही. वसईची खाडी, मिठागरे आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या या शहरात हवेतील मीठ आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे साध्या पोलादी बोल्टची डोकी लवकरच गंजून विरघळू लागतात. यावर उपाय म्हणून अनेकदा ॲल्युमिनियमच्या अंगात स्टेनलेसचे बोल्ट घातले जातात. पण खाऱ्या ओलाव्यात हे दोन धातू एकत्र आले की विद्युतरासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि पांढरी भुकटी साचून बोल्ट घट्ट अडकतो. तेथे जस्तलेपित बोल्ट वापरावा, किंवा स्टेनलेसच हवा असेल तर त्याच्या आट्यांवर अडकण-रोधक ग्रीस लावण्याची सूचना जुळवणीच्या तक्त्यात लिहावी आणि वॉशर विद्युतरोधक द्यावा. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचाच नट कोरडा आवळल्यास आटे एकमेकांत रुतून बसतात, म्हणून तेथेही ग्रीस हवेच. एका यंत्रात बोल्टची मापे शक्य तितकी कमी ठेवावीत. पाच पाने लागणाऱ्या यंत्रापेक्षा दोन पान्यांत उघडणारे यंत्र पुनर्निर्मितीच्या टेबलावर कितीतरी लवकर मोकळे होते.

घट्ट बसवणीच्या भागांसाठी सुटकेची वाट आरेखकानेच ठेवायची असते. मोटारीच्या झाकणावर समोरासमोर दोन आटेदार भोके ठेवली तर त्यांत बोल्ट पिळून झाकण सरळ बाहेर ढकलता येते. ती नसतील तर कारागीर फटीत छिन्नी घालतो, आणि छिन्नीने बसवणीची कड दुखावली की ते झाकण पुन्हा मध्याला बसत नाही. बेअरिंगच्या मागे पुलरचे पाय शिरतील इतकी मोकळी जागा ठेवावी. बेअरिंग, ऑइल सील, ओ-रिंग आणि सर्क्लिप हे भाग बाजारात कोठेही मिळणाऱ्या प्रमाणित क्रमांकांचेच घ्यावेत. खास मापाचा सील आज दोन रुपयांनी स्वस्त पडला तरी आठ वर्षांनी तो मिळाला नाही तर पूर्ण यंत्र भंगारात जाईल.

झिजेच्या जागांविषयीचा मुख्य नियम असा की झीज टाळता येत नसेल तर ती स्वस्त आणि सहज बदलता येणाऱ्या भागावर वळवावी. अशा भागाला त्यागभाग म्हणता येईल. घरातील मिक्सरच्या भांड्याखालचा रबराचा किंवा प्लास्टिकचा कपलर याच तत्त्वावर बनलेला असतो. भांड्यात काही अडकले तर तो तुटतो आणि मोटार वाचते. ऑइल सीलची कडा शाफ्टवर वर्षानुवर्षे घासून खाच पाडते, तेथे शाफ्टवर काढता येणारी पातळ नळी, म्हणजे स्लीव्ह, चढवलेली असेल तर खाच स्लीव्हवर पडते आणि शाफ्ट अनेक आयुष्ये टिकतो. पंपात इंपेलर आणि आवरण यांच्यामध्ये वेअर रिंग नावाचे कडे बसवतात ते याचसाठी. छोट्या मोनोब्लॉक पंपांत ते बहुधा नसते, आणि इंपेलरभोवतीची फट वाढत गेली की पंप चालतो पण पाणी कमी चढवतो. गृहनिर्माण संस्थांना पंप पुरवणाऱ्या उत्पादकाने काही रुपये अधिक घेऊन हे कडे द्यावे. भांड्यांच्या डायमध्ये पूर्ण ठोकळा कठीण पोलादाचा करण्याऐवजी ज्या कडेवरून पत्रा ओढला जातो तेवढे कडे कठीण पोलादाचे, वेगळे आणि बोल्टने बसणारे करावे. ओरखडे उमटू लागले की फक्त कडे बदलावे. पॉवर प्रेसच्या रॅमला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या गिबमागे शिम, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्या, ठेवल्या तर झिजेबरोबर पट्टी बदलून फट पुन्हा मापात आणता येते. जुन्या लेथचा बेड ग्राइंड करून त्यावर सरकणाऱ्या भागाला घर्षणरोधक थर बसवण्याचे काम या भागातील कारागीर चांगले जाणतात. त्यासाठी बेडची घासणारी पृष्ठे एका सरळ दिशेत, ग्राइंडिंगच्या चाकाला सापडतील अशी, आणि पुरेशा जाडीची असायला हवीत.

पुनर्निर्मितीत वेळ आणि पैसा ज्या टप्प्यावर अपेक्षेपेक्षा अधिक जातो तो स्वच्छतेचा टप्पा होय. खोल आंधळी भोके, आतल्या बाजूच्या तीक्ष्ण कोपऱ्यांत साचणारे ग्रीस, पृष्ठाला चिकटलेली कागदी लेबले आणि धुताना उडणारा रंग या सर्वांचा आरेखनातच विचार व्हावा. कोपरे गोलसर ठेवावेत, भोके शक्य तेथे आरपार न्यावीत, लेबलऐवजी धातूची पट्टी रिव्हेट करावी किंवा मजकूर कास्टिंगमध्येच उठवावा. भाग कोणत्या द्रावणात धुतला तर चालेल हेही उत्पादकानेच सांगावे, कारण कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत पोलाद स्वच्छ होते पण ॲल्युमिनियम खाल्ले जाते, आणि एकाच टाकीत दोन्ही टाकणारा कामगार त्याला न सांगितलेल्या चुकीची शिक्षा भोगतो. भाग तपासण्यासाठी मर्यादेची मापेही त्या पट्टीवर किंवा क्यूआर संकेताने मिळणाऱ्या तक्त्यात द्यावीत, म्हणजे कारागिराला मायक्रोमीटर लावून हा भाग ठेवायचा की काढायचा हे अंदाजाशिवाय ठरवता येईल.

विद्युत मोटार हे या शहरासाठी महत्त्वाचे प्रकरण आहे. पंपाची मोटार जळली की ती वाइंडिंगच्या दुकानात जाते, जुने तांबे काढण्यासाठी स्टेटर तापवला जातो, आणि घाईत उघड्या ज्योतीने तापवल्यास लोखंडी पत्र्यांमधील पातळ विद्युतरोधक थर जळतो. त्यानंतर पत्र्यांमधून भोवरा-प्रवाह वाहू लागतात, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या बदलाने लोखंडातच गोल फिरणारे निरुपयोगी प्रवाह, आणि मोटार पूर्वीपेक्षा गरम होऊन अधिक वीज खाते. मोटार बांधणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात योग्य पद्धत पाळल्यास कार्यक्षमता टिकते असे दिसून आले. त्या पद्धतीचा गाभा म्हणजे नियंत्रित भट्टी, आणि स्टेटरचे तापमान साधारणपणे ३७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ न देणे. मोटार बनवणाऱ्याने टर्मिनल बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला फेऱ्यांची संख्या, तारेचा गेज, जोडणीचा प्रकार आणि जळणीचे कमाल तापमान कोरून ठेवले, तर पुढे वाइंडिंग करणाऱ्याला जुनी तार मोजत अंदाज बांधावा लागणार नाही. वाइंडिंगचे दुकान चालवणाऱ्यांनी एकत्र येऊन एखादी नियंत्रित भट्टी आणि लोखंडातील ऱ्हास मोजणारे उपकरण सामाईकपणे घेणे शक्य आहे, आणि औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी त्यात पुढाकार घ्यावा.

नियंत्रक आणि विद्युत पट्ट्या यांबाबत एवढेच पुरे की सर्किटची पट्टी रेझिनच्या कठीण ओतीत कायमची पुरू नये. ओलाव्यापासून संरक्षण हवे असल्यास काढता येणारा लेप आणि सीलबंद डबी वापरावी. कपॅसिटर हे लवकर थकणारे भाग असल्याने ते एका कडेला, सहज हाती लागतील असे ठेवावेत.

जुने नग परत आणण्याची व्यवस्था नसेल तर उत्तम आरेखनही निष्फळ ठरते. या व्यवसायात परत आलेल्या वापरलेल्या नगाला कोअर म्हणतात, आणि कोअर परत यावा म्हणून ग्राहकाकडून ठेव घेतली जाते. समजा, नव्या पंपसंचाची किंमत २०,००० रुपये असून पुनर्निर्मित संच १३,००० रुपयांना दिला जातो. त्या वेळी ३,००० रुपये ठेव म्हणून वेगळे घ्यावेत आणि जुना संच, तो फुटलेला नसल्यास, परत मिळताच ती ठेव परत करावी. कॅटरपिलर या यंत्रनिर्मात्या कंपनीने १९७३ पासून आणि फ्रान्समधील रेनॉने शुआझी-ल-र्वा येथील कारखान्यात १९४९ पासून इंजिने व त्यांचे भाग परत घेऊन पुनर्निर्मितीचे काम चालवले. मीरा रोडसारख्या शहरात या पद्धतीला मोठी अनुकूलता आहे, कारण शांतीनगरसारख्या मोठ्या वसाहतींत एकाच प्रकारचे पंप शेकडो इमारतींत जवळजवळ बसलेले असतात. गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीने वार्षिक देखभाल कराराऐवजी असा करार मागावा की पंप बिघडताच काही तासांत पुनर्निर्मित पंप बसवला जाईल आणि जुना पंप परत नेला जाईल. पाणी थांबत नाही, आणि पुरवठादाराला सारख्या कोअरचा सतत ओघ मिळतो. हा ओघ टिकावा म्हणून उत्पादकाने दर दोन वर्षांनी नवे मॉडेल काढण्याचा मोह आवरावा, किंवा निदान नव्या मॉडेलमध्ये आधीचे शाफ्ट, बेअरिंग आणि पायाची भोके तशीच ठेवावीत.

पुनर्निर्मित वस्तू विकताना ती तशी असल्याचे बिलावर आणि वस्तूवर स्पष्ट लिहावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार पुन्हा बांधलेली, वापरलेली किंवा रिकंडिशन केलेली वस्तू नवी म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. विद्युत व इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्यांनी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ वाचावेत. त्यांत विस्तारित उत्पादक उत्तरदायित्व, म्हणजे विकलेल्या वस्तूच्या अखेरच्या विल्हेवाटीची उत्पादकावरील जबाबदारी, निश्चित केली आहे. नोंदणीकृत नूतनीकरणकर्त्यामार्फत वस्तूचे आयुष्य वाढवल्यास ही जबाबदारी पुढे ढकलण्याची सोयही त्यांत आहे, आणि वेगवेगळ्या उत्पादकांचे भाग एकमेकांशी जुळावेत अशी अपेक्षाही नोंदवली आहे. निर्यातीचा विचार करणाऱ्यांनी ऊर्जाविषयक उत्पादनांची पुनर्निर्मितीची क्षमता जोखण्याची पद्धत सांगणारे ईएन ४५५५३ हे २०२० चे युरोपीय मानकही मिळवावे.

प्रत्येक जुनी वस्तू वाचवणे हितावह नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ३.७ किलोवॉटची, म्हणजे सुमारे ५ अश्वशक्तीची मोटार ८३ टक्के कार्यक्षमतेची असेल आणि रोज ६ तास पूर्ण भाराने चालत असेल, तर ८८ टक्के कार्यक्षमतेच्या मोटारीच्या तुलनेत ती वर्षाला सुमारे ५५५ युनिट वीज अधिक खाते. अशी मोटार पुन्हा बांधून आणखी दहा वर्षे चालवण्यात बचत नाही. तिचे तांबे आणि लोखंड वितळवून आयएस १२६१५ या मानकातील वरच्या कार्यक्षमता-वर्गाची मोटार घ्यावी. या मोजणीतून नवी मोटार बनवणाऱ्याने घ्यायचा अर्थ असा की पुनर्निर्मितीसाठी रचायची वस्तू पहिल्या दिवशीच वरच्या वर्गाची असावी, कारण तिला तीनदा जगायचे आहे. तसेच पुनर्निर्मितीला नाकारलेले भाग धातूनिहाय सुटे करूनच बाहेर पाठवावेत. धातू आणि प्लास्टिक एकमेकांत ओतून केलेला भाग भंगारवाला सहसा घेत नाही, आणि असे भाग अखेर उत्तनच्या धावगी डोंगरावरील कचऱ्यात भर घालतात, ज्याचा त्रास तेथील गावकरी वर्षानुवर्षे सोसत आहेत.

आरंभ एकाच उत्पादनापासून करावा, आणि तेही असे की ज्याचे विकलेले नग पाच-सात किलोमीटरच्या परिघात आहेत. पहिला कोअर परत येईल तेव्हा चाचणीचा बाक तयार असावा. पंप असल्यास दाब, प्रवाह आणि घेतलेली वीज, प्रेस असल्यास रॅमची समांतरता, मोटार असल्यास विद्युतरोध आणि विनाभार प्रवाह यांची मोजमापे नव्या नगाच्या तक्त्यावरच घेतली जावीत आणि चाचणी घेणाऱ्याची सही त्याखाली असावी. परत आलेल्या प्रत्येक नगाची नोंदवही ठेवावी, तिच्यात अनुक्रमांक, वापराचा काळ, झिजेची मापे आणि बदललेले भाग लिहावेत. दर सहा महिन्यांनी आरेखक, जुळवणी करणारा कामगार आणि मिस्त्री यांनी ती एकत्र वाचून ज्या भागाचे नाव वारंवार आले असेल त्याच्या ड्रॉइंगवर बदल करावा, आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील बदलांच्या रकान्यात तो कोणत्या नगावरून सुचला याचा अनुक्रमांक घालावा.